टायरोसीनच्या जागी फ्लोरोटायरोसीन: प्रोटॉन देणारा तोच का, हे कसं ठरवायचं?

प्रश्न
एन्झाइमच्या सक्रिय स्थळातला (अभिक्रिया घडते त्या खाचेतला) एक टायरोसीन सब्स्ट्रेटला, म्हणजे ज्यावर अभिक्रिया होते त्या रेणूला, प्रोटॉन देतो असा अंदाज आहे. त्या जागी फेनिलॲलानिन हे अमिनो आम्ल आणलं की वेग हजार पटींनी पडतो. पण त्यात ओएच गटच जातो आणि त्याबरोबर हायड्रोजन बंधही. मग वेग कशामुळे पडला? फ्लोरोटायरोसीनने, म्हणजे वलयावर फ्लोरिन बसवलेल्या टायरोसीनने, उलगडा होईल का?

उत्तर १
होईल, आणि इथे तेच योग्य हत्यार आहे. फ्लोरिन हायड्रोजनपेक्षा किंचितच मोठा. ओएच जागेवर राहतो, फक्त पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंचा प्रोटॉन सुटलेला असतो तो) उतरतो: मोकळ्या टायरोसीनचा सुमारे 10, 3-फ्लोरोचा 8.4, 3,5-डायफ्लोरोचा 7.2, 2,3,5-ट्रायफ्लोरोचा 6.4. प्रत्येकाचा पीएच-वेग आलेख काढा. अल्कली बाजूची घसरण याच क्रमाने खाली सरकली, तर प्रोटॉन याच टायरोसीनचा असण्याला मोठा आधार मिळतो. प्रथिनाच्या आत नेमके आकडे वेगळे येतील, क्रम महत्त्वाचा.

प्रथिन जिवाणूत बनवताना जीनमध्ये त्या जागी टीएजी कोडॉन (एरवी साखळी थांबवणारा स्टॉप) घाला, सोबत पीईव्हीओएल प्लाझ्मिड; त्यावर टीएजी वाचणारा सप्रेसर टीआरएनए आणि त्यावर फ्लोरोटायरोसीन चढवणारं एन्झाइम, म्हणजे योग्य सिंथेटेज, असतं. जीनचा शेवटचा स्टॉप टीएए करून घ्या; तो टीएजी राहिला तर तिथेही फ्लोरोटायरोसीन बसतं आणि शेपूट वाढते. हिस-टॅग (प्रथिन शुद्धीकरण स्तंभावर पकडणारी शेपटी) सी-टोकाला, म्हणजे साखळीच्या शेवटी ठेवा, म्हणजे अर्धवट साखळ्या स्तंभावर अडकत नाहीत. फ्लोरोटायरोसीन 1 मिलिमोलर, आणि सिंथेटेजचा जीन चालू करायला अरॅबिनोज 0.02 ते 0.2 टक्के. माध्यमात ग्लुकोज नको, त्याने अरॅबिनोजने चालू होणारा प्रमोटर (जीनची कळ) दबतो.

उत्तर २
वरच्या यादीतला 3-फ्लोरो सध्या वगळा. जिवाणूचं स्वतःचं सिंथेटेज त्याला टायरोसीन समजून उचलतं, आणि तो एका जागी न राहता प्रथिनभर पसरतो. डायफ्लोरोपासून सुरुवात करा. अखंड प्रथिनाच्या मास स्पेक्ट्रममध्ये बरोबर 36 डाल्टनची वाढ दिसली पाहिजे.

प्रश्नकर्ता
डायफ्लोरोमध्ये 1 टक्काच वेग उरला आणि घसरण सरकलीच नाही, तर टायरोसीन निर्दोष मानायचा?

उत्तर ३
लगेच नाही. टीएजीवर कधीकधी साधा टायरोसीनच बसतो. नमुन्यात असं 1 टक्का मूळ एन्झाइम असलं, तर तुम्ही त्याचाच आलेख काढताय! केएमही (निम्म्या कमाल वेगाला लागणारी सब्स्ट्रेटची संहती) हुबेहूब मूळचाच आला तर संशय पक्का. फ्लोरोटायरोसीन न घालता समांतर कल्चर वाढवा आणि पूर्ण लांबीचं प्रथिन किती मिळतं ते बघा. मात्र तो आकडा वरची मर्यादा समजा: फ्लोरोटायरोसीन असताना टीएजीसाठी स्पर्धा असते, त्यामुळे ही गळती कमी होते.