पहिल्याच चोरीला खटला कशाला?

तापीकाठ : आमच्या गल्लीतल्या १९ वर्षांच्या पोराने विहिरीवरची केबल कापली, तांबं भंगारात विकलं. पहिलीच चोरी. आता दर तारखेला कोर्टात खेटे. पोलीस भरतीसाठी पहाटे धावायचा, तेही बंद. पडताळणीत गुन्हा दिसणारच. अमेरिकेत अशा आरोपीला सरकारी वकील खटल्याआधीच बाजूला काढतात. भरपाई दे, समाजसेवा कर, ठरल्या मुदतीत नीट वाग, की खटला सोडून देतात. आपल्याकडे का नको?

केळीवाला, रावेर : भो, तुला पोराचं दुःख दिसतं. माझी केबल गेली मे महिन्यात. बाग निसवणीला (घड बाहेर पडायला) आलेली, ४५ अंशांचं ऊन आणि चार दिवस मोटार बंद. केबल आठ हजारांची, ती पंचनाम्यात आली. घड बारीक राहिले, ते कुठे लिहायचे? आणि 'पहिलीच चोरी' म्हणजे पहिल्यांदा सापडला, एवढंच.

धुळ्याचा वकील : थोडं कायद्याचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांच्या आतली चोरी, पहिल्यांदाच दोषी आणि माल परत, असं असेल तर समाजसेवेची शिक्षा आहे. आठ हजारांची केबल त्यात बसत नाही. १९५८ च्या परिविक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडता येतं. पण दोन्हीकडे आधी दोषी ठरावं लागतं. फिर्यादी तयार असला तर चोरीत तडजोड होते आणि आरोपी निर्दोष सुटतो. मग नवं खूळ कशाला?

तापीकाठ : तडजोडीला रोकड लागते, साहेब. बागायतदाराचं पोरगं संध्याकाळी घरी येतं, मजुराचं तारखा मोजतं. मी अंगमेहनतीने फेडायचं म्हणतोय.

नंदुरबारकर : माझी भीती वेगळी. अशा सवलतीसाठी आधी गुन्हा कबूल करायला लावतील. धडगावकडच्या पावरी बोलणाऱ्या माणसाला मराठी कागद दाखवून 'कबूल कर, सुटशील' म्हटलं, तर तो न केलेली चोरीही कबूल करेल. पुढे एखादी अट मोडली, रोजगाराला गुजरातला गेला म्हणून हजेरी चुकली, की तोच कागद त्याच्यावर उलटणार. खटल्यात निदान पुरावा तरी मागतात.

केळीवाला, रावेर : यावर तंटामुक्ती समिती सुचवू नका कोणी. मोहीम २००७ सालची, पण आमच्याकडे ती कोणाच्या ओट्यावर बसते ते गावाला ठाऊक. बाकी त्या पोराने माझ्या बागेत हंगामभर घड वाहिले तर माझी ना नाही. आधी तांबं घेणारा भंगारवाला धरा. त्याची पहिली वेळ नसते.

तापीकाठ : भंगारवाल्याचं शंभर टक्के. कबुलीवर मात्र मी अडलो. वकीलसाहेब, करार मोडला तर कबुली बाद, असं कायद्यात लिहिता येईल?

धुळ्याचा वकील : प्ली बार्गेनिंगमध्ये, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षेची बोलणी करण्यात, आहे तसं. आरोपीने त्या अर्जात सांगितलेलं दुसऱ्या कामाला वापरता येत नाही.

नंदुरबारकर : मग तेवढं कलम उचला. आणि कागद त्याच्या बोलीत वाचून दाखवणारा माणूस पोलिसांचा नको.