१२१ व्या स्तोत्रात ‘तू’ म्हणणारा कोण?

नगरची_लेक

नमस्कार. बायबलमधली स्तोत्रसंहिता नेमानं वाचणाऱ्यांना एक विचारायचं आहे.

आमच्या घरातून कुणीही गावाला निघालं की पप्पा उंबऱ्यात थांबवायचे, डोक्यावर हात ठेवायचे आणि १२१ वं स्तोत्र म्हणायचे. मी शिकायला पुण्याला निघाले तेव्हा, लग्न होऊन गेले तेव्हा, बाळाला घेऊन परत निघाले तेव्हा. एसटी चुकायची वेळ आली तरी आठही वचनं पूर्ण व्हायची. ‘तुझं जाणं-येणं’ या शब्दांवर त्यांचा हात जरा जड व्हायचा.

गेल्या पावसाळ्यात पप्पा न्हाणीघरात घसरले, खुब्याचं हाड मोडलं, आणि ते परत उठलेच नाहीत. तेव्हापासून झोप आली नाही की मी हे स्तोत्र एकटीच म्हणते. पण तिसऱ्या वचनाशी अडते. तो तुझा पाय ढळू देणार नाही, असं तिथं आहे. मग पप्पांचा पाय?

परवा त्यांचं पवित्र शास्त्र उघडलं. १२१ शेजारी वेगळी खूण काहीच नाही. पण १२० पासून १३४ पर्यंत समासात पेन्सिलीची एकच उभी रेघ, पान उलटलं तरी चालूच. ही पंधरा आरोहणस्तोत्रं आहेत, सणाला यरुशलेमेला चढून जाणाऱ्यांची, एवढं मला माहीत होतं. ती सलग मात्र मी कधी वाचली नव्हती.

पहिल्या दोन वचनांत ‘मी’ बोलतो, तिसऱ्यापासून ‘तू’ सुरू होतं. तिथं बोलणारा बदलतो का? आणि सगळी पंधरा एका दमात वाचली तर पाय ढळण्याचं वचन वेगळं ऐकू येतं का?

निवृत्त_पाळक

ताई, पप्पांची रेघ बरोबर जागी आहे.

माझ्या वाचनात बोलणारा बदलतो. डोंगरांकडे बघून निघणारा विचारतो, मला साहाय्य कुठून येईल? पुढची सहा वचनं त्याला दुसरं कुणीतरी ऐकवतं. घरी राहणारा असेल, बरोबर चालणारा असेल. काही जण ते स्वतःच्या जिवाशी केलेलं बोलणं मानतात, तेही चुकीचं नाही. पण ही माणसं घोळक्यानं चालत. लूकच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात, बारा वर्षांचा येशू मागे यरुशलेमेत राहतो आणि आईबापांना एक दिवसाची वाट चालून होईपर्यंत पत्ता नसतो. तो नातेवाइकांत, ओळखीच्यांत कुठेतरी असेल असं ते धरून चालतात.

वाटही सोपी नव्हती. यरीहोहून यरुशलेमेला चढायची वाट घ्या. यरीहो समुद्रसपाटीच्या सुमारे २५० मीटर खाली, यरुशलेम सुमारे ७५० मीटर वर. पंचवीसेक किलोमीटरांत हजार मीटरांचा चढ. येशूनं सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात लुटला गेलेला माणूस याच वाटेवरचा. त्या डोंगरांत चोर होते, हे गाणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता सलग वाचा. १२० मध्ये माणूस मेशेख आणि केदार इथं, परक्यांत, खोटं बोलणाऱ्यांत अडकलाय. १२४ मध्ये पूर अंगावर आलाय. १२९ मध्ये पाठीवर नांगर फिरवून लांब तासं काढलीत. १३० तर खोल गर्तेतून मारलेली हाक आहे. १२१ म्हणणारेच पुढे १२९ म्हणत होते, त्याच चढावर. पाठीवरचे वळ लपवून ते पाय न ढळण्याचं गात नव्हते. १२१ एकटं काढून घेतलं की ते हमीपत्र वाटतं. मीही कित्येक अंत्यविधींना ते तसंच वाचलं, शेजारचं १३० न वाचता, आणि त्याची मला खंत आहे.

रेवदंड्याचा

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे रेवदंड्याचे, आता इस्राएलमध्ये अश्दोदला. हिब्रूत या स्तोत्रांना ‘शीर हामालोत’ म्हणतात. ‘मालोत’ म्हणजे पायऱ्या, चढ. आमचे आईबाप कोकण सोडून इकडे आले त्याला ‘अलिया’ म्हणतात, तोही शब्द त्याच धातूचा. मिश्ना या आमच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात लिहिलंय की यरुशलेमेच्या मंदिरात स्त्रियांच्या अंगणातून वर जायला पंधरा पायऱ्या होत्या, या पंधरा स्तोत्रांच्या संख्येइतक्या, आणि मांडवांच्या सणात लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, त्यांवर वाद्यं घेऊन उभे राहत.

मंदिराच्या दक्षिणेच्या जुन्या पायऱ्या उत्खननात सापडल्या आहेत. मी त्या चढलोय. एक रुंद, एक अरुंद अशा आहेत, धावत चढता येत नाही. खाली बघूनच पाऊल टाकावं लागतं.

अजून एक. ‘राखणे’ हे क्रियापद १२१ मध्ये सहा वेळा येतं. ‘पडू न देणे’ एवढाच त्याचा अर्थ नाही. रात्रभर जागून कळप राखणाऱ्यालाही तोच शब्द.

मीरा_वसई

ताई, उत्तर लगेच सापडायला हवं असं नाही. माझा भाऊ गेला तेव्हा मला वर्षभर १२१ म्हणवलं नाही. १३१ म्हणायचे, तीनच वचनं आहेत. दूध तुटलेलं मूल आईजवळ निवांत बसलंय, काही मागत नाही. तेवढं जमायचं.

नगरची_लेक

सगळ्यांचे आभार. पाळककाका, खंत वाटते असं तुम्ही लिहिलंत त्यानं मला फार धीर आला.

इतकी वर्षं ‘तू’ म्हणणारे पप्पा होते. आता मी एकटीच दोन्ही बाजूंनी बोलत होते, म्हणून ते पोकळ वाटत होतं, हे मला मीराताईंचं वाचताना कळलं. पायाचं उत्तर अजून नाही. पण १२९ वाचताना पहिल्यांदाच वाटलं की हा प्रश्न घेऊन त्या वाटेवर चालता येतं.

काल रात्री आईला फोनवर १२० वाचून दाखवलं. ती म्हणाली, “हे ते मनातल्या मनात वाचायचे, ओठ हलायचे फक्त.” रोज एक असं पंधरा दिवस करायचं ठरलंय. आज १२१ ची पाळी. पहिली दोन वचनं मी म्हणणार, पुढची सहा तिनं म्हणायची. तिला पाठ आहेत. उंबऱ्यात ती रोज पप्पांच्या मागेच उभी असायची.