धूर की ढग? उपग्रहचित्रात ओळखायचं कसं?

एडिसनकरीण: ७ जून २०२३ ला आमच्या न्यू जर्सीत भर दुपारी आकाश गुळाच्या पाकासारखं झालं होतं. कॅनडातल्या क्विबेकच्या वणव्यांचा धूर! साताऱ्याहून आई व्हिडिओ कॉलवर, "एवढ्यात संध्याकाळ झाली का गं?" तेव्हापासून नासाचं वर्ल्डव्ह्यू, म्हणजे उपग्रहचित्रांचं संकेतस्थळ, उघडून बसते, पण ढग कुठला नि धूर कुठला, काही कळत नाही.

ढगवेडा: ढग पांढरेशुभ्र, धूर राखाडी-तपकिरी, त्याखालची जमीन अंधुक दिसते. पण एका चित्रावर जाऊ नका. गोज-ईस्ट हा हवामान उपग्रह दर पाच मिनिटांनी अमेरिकेचं चित्र घेतो, ती ओळीने पळवा. धुराचं शेपूट मागे आगीपर्यंत जातं. सकाळ-संध्याकाळची चित्रं बघा, तिरप्या उन्हात धूर उठून दिसतो.

एडिसनकरीण: काल तर आमच्यावर सगळं झाकोळलेलं दिसत होतं, आणि बाहेर वासही नाही!

नाकपुडी: उपग्रह वरून बघतो हो. धूर तीन किलोमीटरवर आहे की तुमच्या अंगणात, हे नुसत्या फोटोत कळत नाही. जमिनीवरच्या यंत्राचा पीएम २.५, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा, आकडा बघा.

एडिसनकरीण: अरेच्चा! उगाच दिवसभर कपडे घरात वाळत घातले.