'प्रोब'ला मराठीत काय म्हणावं?

अनुस्वार: एका लेखाचं भाषांतर करतेय. थराथरांच्या उच्च-तापमान अतिसंवाहकांना (वीज विनाअडथळा वाहू देणाऱ्या पदार्थांना) प्रकाशानं हवं तसं वळवायचं आणि प्रकाशानंच 'प्रोब' करायचं, असा विषय. 'शोध घेणे' पसरट वाटतं, 'तपासणे' कचेरीतलं. त्यात मुळात 'पंप-प्रोब' ही जोडगोळी. पंप म्हटलं की वाचकाला विहीर दिसणार.

पोथीवाला: सुश्रुताकडे 'एषणी' आहे, जखमेत घालून खोली पाहायची सळई. घरात शब्द असताना वणवण कशाला?

अनुस्वार: वाचक 'एषणा' समजेल हो.

आरसेवाला: आधी तिथे घडतं काय ते बघा. प्रकाशाचा पहिला स्पंद, म्हणजे पंप, दांडगा, बरेचदा अवरक्त. तो स्फटिकातले अणू हलवतो. मागून दुसरा, म्हणजे प्रोब, अगदी क्षीण, काय झालं ते पाहून जातो. दोघांतला उशीर आरसा सरकवून ठरतो. आरसा 0.15 मिमी मागे घेतला की जाऊन-येऊन 0.3 मिमी वाट वाढते, म्हणजे 1 पिकोसेकंद, सेकंदाचा लाख-कोटीवा भाग. या सरकवासरकवीत माझी दोन वर्षं गेली. आम्ही आपसात 'डिवचणं आणि न्याहाळणं' म्हणायचो.

पोथीवाला: डिवचतात सापाला!

आरसेवाला: मग बरोबरच आहे, तोही फणा काढतो.

उंबरठा: मला 'चाचपणे' आवडेल. 'चाचणी'शी नातं असावं.

पोथीवाला: नुसता 'चाच' जुळला म्हणून? हे नातं तुम्ही आत्ता लावलंत.

आरसेवाला: व्युत्पत्ती राहू द्या, शब्द चपखल आहे. अतिसंवाहकात वीज वाहून नेणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या एका थरातून दुसऱ्यात जातात का, हे थेट दिसत नाही. परतून आलेल्या टेराहर्ट्झ, म्हणजे अवरक्ताच्याही पलीकडच्या, प्रकाशातल्या खुणेवरून ओळखायचं. 2011 मध्ये एका ताम्र-ऑक्साइडात, एरवी त्या तापमानाला अतिसंवाहक नसलेल्या, अवरक्त स्पंदानंतर अशी खूण दिसली. तिचा अर्थ काय लावायचा यावर अजून भांडणं आहेत.

समास: 'उच्च तापमान' मात्र काढाच. मागे मी हेच लिहिलं, तर मुद्रितशोधकानं समासात लिहून पाठवलं, 'उणे 180 अंश उच्च कसं?' मला उत्तर सुचेना.

आरसेवाला: 1911 मध्ये पारा अतिसंवाहक झाला तो 4.2 केल्विनला. त्यापुढे 93 केल्विन, म्हणजे तुमचे उणे 180 अंश, उंचच की. द्रव नायट्रोजनात भागतं, हेलियम लागत नाही.

समास: मग 'तुलनेनं उच्च' म्हणा.

उंबरठा: आणि 'थर' का? अभ्रकासारखे 'पापुद्रे' का नकोत?

आरसेवाला: पापुद्रा सोलून निघतो. इथले सगळेच तसे सुटत नाहीत.

पोथीवाला: 'थर' हा 'स्तर'चाच झिजलेला. मूळच वापरा.

समास: झिजलेलं नाणंही चालतं, पोथीवाले. 'अतिसंवाहक'मधला 'सं' तेवढा झिजवा, 'अतिवाहक' सुटसुटीत.

उंबरठा: वाहक म्हणजे बसमधला. अतिवाहक म्हणजे दोन तिकिटं फाडणारा का?

अनुस्वार: उद्या मजकूर द्यायचाय. 'चाचपणी' लिहितेय. पंपाला कोणी वाली आहे का?

पोथीवाला: 'सं' म्हणजे सम्यक्. तो काढता येणार नाही.