मदत हवी आहे: रविवारी घरच्या सगळ्यांनी मिळून बघायला एक चित्रपट सुचवा (लवकर)

राजारामपुरीकर (शुक्रवार, रात्री १०:१२)
रविवारी दुपारी घरी सगळ्यांनी बसून एक चित्रपट बघायचाय. तीन रात्री मोबाईल चाळून डोकं उठलंय. जिथं बघावं तिथं त्याच याद्या. तुम्ही स्वतः दोन-तीनदा बघितलेला आणि परत कुणी लावला तर परत बसाल असा एकच चित्रपट सांगा. दहा नावं नकोत. वेळ नाही.

पन्हाळारोड (१०:१९)
सैराट. विचार करू नका, लावा.

राजारामपुरीकर (१०:२१)
सगळ्यांनी बघितलाय. आणि तो शेवट दहा वर्षांच्या भाच्याला दाखवायचा नाहीये.

पन्हाळारोड (१०:२२)
घरात लहान मूल आहे हे तुम्ही लिहिलंय कुठं?

चहापाऊस (१०:३०)
किल्ला. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शनही केलंय आणि कॅमेराही त्यांचाच. वडील गेलेला मुलगा, आईच्या बदलीमुळं कोकणात नवी शाळा, नवे मित्र. पाऊस असा दिसतो की अंगावरचे कपडे ओले झाल्यासारखे वाटतात. मी चार वेळा बघितलाय.
पण ताई, थोडी माहिती द्या. किती माणसं? मराठीच हवा का? टीव्हीवर बघणार की लॅपटॉपवर?

राजारामपुरीकर (१०:३८)
टीव्हीवर. सहा माणसं. मराठी, नाहीतर हिंदी. किल्ला मला स्वतःला फार आवडतो, पण तो संथ आहे, तिथं आमचं जमणार नाही असं वाटतं.

खासबाग_पहिलीरांग (१०:५५)
संथ म्हणजे वाईट नव्हे. लोकांना दर पाच मिनिटांनी मारामारी पाहिजे झाली आहे.

राजारामपुरीकर (११:०१)
मला मारामारी नकोय. घरातलं एक माणूस उठून जाऊ नये एवढंच पाहिजे.

जुनाप्रेक्षक (११:२०)
कोण उठून जातं? ते आधी सांगा. तुम्ही 'सगळे' म्हणताय, पण प्रश्न एकाच माणसाचा दिसतोय.

राजारामपुरीकर (११:४४)
आजोबा. चौऱ्याऐंशी वर्षांचे. कागलला काकांकडं असतात, उद्या तीन दिवसांसाठी येणार आहेत. मागच्या दिवाळीत आले होते तेव्हा आम्ही हौसेनं एक हिंदी चित्रपट लावला. कोर्टातला होता, सगळ्यांनी नावाजलेला. दहा मिनिटांत ते उठले आणि गॅलरीत जाऊन बसले. काही बोलले नाहीत. बाबांनी दोनदा बोलावलं तर 'तुम्ही बघा' म्हणाले. मी आत बसून शेवटपर्यंत बघितला, आणि त्याची मला आजही लाज वाटते. यावेळी तसं व्हायला नको.

खासबाग_पहिलीरांग (११:५०)
मग तांबडी माती लावा! भालजी पेंढारकरांचा, १९६९. कुस्तीवरचा. दादा कोंडके पहिल्यांदा पडद्यावर आले ते याच चित्रपटात. राष्ट्रीय पुरस्कारही मिळालाय. चौऱ्याऐंशी वर्षांचा कोल्हापूरकडचा माणूस आणि कुस्तीवरून उठून जाईल? शक्य नाही.

राजारामपुरीकर (११:५३)
आजोबा कधी आखाड्यात उतरले नाहीत.

खासबाग_पहिलीरांग (११:५५)
उतरले नसतील, बघितलं तर असेल. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात जाऊन बसले नाहीत असे त्या वयाचे आजोबा मला दाखवा.

प्राजक्त (शनिवार, सकाळी ७:०५)
आजोबांना ऐकू नीट येतं का? बाकी सगळं राहू दे, एवढं सांगा.

राजारामपुरीकर (७:४०)
कमी येतं. उद्यमनगरात फाउंड्रीत बत्तीस वर्षं काम केलं. कानाचं यंत्र आहे, पण घालत नाहीत, टोचतं म्हणतात. आम्ही टीव्हीचा आवाज वाढवतो.

प्राजक्त (८:१५)
हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं ताई. माझे वडील लेथवर होते, त्यांचंही हेच. सतत यंत्राजवळ काम केलेल्या माणसाचे आधी उंच पट्टीचे, बारीक आवाज जातात. स, श, फ, ट अशी अक्षरं त्यांना सुटी ऐकूच येत नाहीत. कुणी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. तुम्ही आवाज वाढवता तेव्हा मागचं संगीतही तेवढंच वाढतं, आणि सगळा गलका होतो. कोर्टातल्या चित्रपटात माणसं भराभर बोलतात, एकमेकांवर बोलतात, पाठमोरी बोलतात. दीड-दोन तास काही न कळता चारचौघांत बसायचं म्हणजे शिक्षाच. त्यांना चित्रपट आवडला नाही असं धरू नका. ते बाहेर एकटे पडले नव्हते, आत बसून एकटे पडले होते, म्हणून उठले.
तेव्हा बोलणं कमी, चेहरे जवळून दिसणारा, गोष्ट डोळ्यांना कळणारा चित्रपट घ्या. नाहीतर त्यांना आधीच माहीत असलेला.

पन्हाळारोड (८:२०)
सबटायटल लावा की. विषय संपला.

प्राजक्त (८:२४)
मराठी चित्रपटाला सबटायटल असतात ती बहुतेक इंग्रजी. आजोबा इंग्रजी वाचतात का? माझे वडील सहावी शिकले होते.

राजारामपुरीकर (८:३१)
आजोबा चौथी. 'सकाळ' पूर्ण वाचतात, पण हळू. पडद्यावर पळणारी अक्षरं जमणार नाहीत.

होमथिएटर_कळंबा (८:४८)
तुमच्याकडं किती इंची टीव्ही आहे? मी मागच्या वर्षी प्रोजेक्टर घेतला, भिंतीवर शंभर इंचाचं चित्र येतं. एकदा तसं बघितलं की टीव्ही नको वाटतो. खोलीत अंधार मात्र पूर्ण पाहिजे, पडदे जाड घ्या. भिंत पांढरी असेल तर वेगळा पडदा लागत नाही.

राजारामपुरीकर (८:५५)
उद्या दुपार आहे. मी आज प्रोजेक्टर घेणार नाही.

चहापाऊस (९:३०)
हरिश्चंद्राची फॅक्टरी बघा मग. परेश मोकाशींचा. फाळक्यांनी १९१३ साली राजा हरिश्चंद्र कसा केला त्याची गोष्ट, हसत-खेळत सांगितलेली. नंदू माधव फाळके झालेत. दीड तासाच्या आसपास आहे, मुलगाही बसेल. माणूस हातानं काहीतरी करतोय, बिघडतंय, परत करतोय, हे बोलणं न ऐकताही कळतं.

जुनाप्रेक्षक (१०:१०)
चांगला आहे. पण फाळके नाशिक-मुंबईचे. आजोबा फाउंड्रीतले म्हणजे यंत्र जाणणारे, त्यांना आपल्या गावची गोष्ट सांगा. बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साथीनं कॅमेरा इथं, कोल्हापुरात, स्वतः बनवला. पहिलं महायुद्ध चालू, बाहेरून कॅमेरा येईना. त्या कॅमेऱ्यावर पुढं सैरंध्री झाला, १९२० साली. टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं ते त्यानंतर. पुढं त्यांच्याच हाताखालची माणसं बाहेर पडली आणि १९२९ मध्ये प्रभात ही चित्रपट कंपनी काढली. तुकाराम इथलाच.

मंगळवारपेठ (१०:२६)
संत तुकाराम पुण्यातला आहे. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली, तुकाराम १९३६ चा. कोल्हापुरातला तो अयोध्येचा राजा, १९३२. पहिला मराठी बोलपट.

जुनाप्रेक्षक (१०:३५)
तुकारामाचे दिग्दर्शक दामले-फत्तेलाल कुठं घडले? कोल्हापुरात. शांतारामबापू कुठले? कोल्हापूरचे. माणसं इथली ती इथलीच.

मंगळवारपेठ (१०:४१)
माणसं इथली, हे कबूल. चित्रीकरण तिथलं. आपण कोल्हापूरच्या लोकांनीच चुकीचं सांगितलं तर बाहेरचे काय म्हणणार? तुकारामाला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात मान मिळाला तो १९३७ मध्ये. ह्या गोष्टी नीट सांगाव्यात एवढंच माझं म्हणणं.

राजारामपुरीकर (१०:५०)
मला उद्या दुपारी काय लावू ते सांगा.

जुनाप्रेक्षक (११:१५)
बरोबर आहे, माफ करा. मग साधी माणसं. भालजींचाच, १९६५ चा. लोहार नवरा-बायको, गावातून शहरात जातात आणि तिथं त्यांच्यावर काय येतं ती गोष्ट. जयश्री गडकर आणि सूर्यकांत. संगीत आनंदघन यांचं, म्हणजे लताबाईंचंच ते टोपणनाव. 'ऐरणीच्या देवा' यातलंच, खेबुडकरांनी लिहिलेलं. आजोबा तेव्हा चोविशीतले असणार. गाणं पाठ असेल. पाठ असलेलं गाणं कमी ऐकू आलं तरी माणूस ते मनात पुरं करतो. प्राजक्त म्हणतात त्यातलं 'आधीच माहीत असलेला' ते हेच.
राजारामपुरीत राहता ना? सूर्यकांतांचे थोरले भाऊ चंद्रकांत मांडरे, त्यांचं कलादालन तुमच्याच भागात आहे. आजोबांना चालवत असेल तर सकाळी तिथं घेऊन जा. चित्रं बघायला कान लागत नाहीत.

पन्हाळारोड (११:२२)
कृष्णधवल? दहा वर्षांचा पोरगा पाच मिनिटं बसणार नाही.

जुनाप्रेक्षक (११:२५)
पोराकडं पुढं पन्नास वर्षं आहेत चित्रपट बघायला.

पन्हाळारोड (११:२८)
म्हणजे पोरानं उठून जायचं का? मग त्याला कोण विचारणार? त्याचं पण घर आहे ते.

प्राजक्त (११:४०)
दोघंही बरोबर आहेत. एका चित्रपटात सगळे बसतील हा हट्ट सोडा ताई. दोन लावा. दुपारी एक, दुसऱ्या दिवशी एक. मुलासाठी एलिझाबेथ एकादशी. पंढरपूर, बापानं बनवलेली सायकल, आईचं विणकामाचं मशीन बँकेनं नेलेलं, आणि ते सोडवायला पोरं वारीत बांगड्या विकतात. सायकल आणि मशीन. फाउंड्रीवाले आजोबा त्यातही रमतील.
आणि उद्याची तयारी सांगते. बऱ्याच टीव्हींचा आवाज मागच्या बाजूनं येतो, भिंतीवर आपटून पसरतो. साधा ब्लूटूथ स्पीकर असेल तर तो आजोबांच्या खुर्चीजवळ, चांगला ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला ठेवा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये बोलणं स्पष्ट करणारा पर्याय असेल तर तो लावा, आवाज घुमवणारे सगळे बंद. पंखा कमी. कुकर आधी लावून घ्या. त्यांना मधल्या सोफ्यावर नको, टीव्हीच्या जवळ, कडेला बसवा. आणि कुणीतरी शेजारी बसा, अडलं तर दोन शब्दांत सांगायला. ओरडून नाही, कानाजवळ, सावकाश.

खासबाग_पहिलीरांग (११:५२)
तांबडी माती सोमवारी लावा तर.

राजारामपुरीकर (दुपारी १२:१०)
साधी माणसं ठरलं. यूट्यूबवर एक प्रत आहे, चित्र जरा धूसर आहे. भाच्याचा स्पीकर मागून घेते. सगळ्यांचे आभार. काल माझ्याकडून थोडं तोडून बोललं गेलं, राग मानू नका.

चहापाऊस (१:०५)
काय झालं ते सोमवारी नक्की लिहा.

राजारामपुरीकर (सोमवार, रात्री ९:३५)
लिहिते. साडेतीनला लावला. स्पीकर आजोबांच्या उजव्या हाताला, मी डाव्या बाजूला पाटावर. सुरुवातीला त्यांनी 'हे जुनं कशाला' म्हटलं. मग नावं आली तेव्हा 'भालजी' असं मोठ्यानं वाचलं.
भाचा वीस मिनिटांत आतल्या खोलीत गेला, पन्हाळारोड तुम्ही म्हणालात तसंच.
गाणं आलं तेव्हा आजोबांनी हात वर केला, थांब म्हणून. मला वाटलं नको झालं. तर म्हणाले, 'परत लाव.' परत लावलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा ते बोलायला लागले. बारा वर्षांचे असताना कागलला एका लोहाराकडं भाता ओढायला होते. आठ महिने. पहिल्या दिवशी कातडं गरम झालं म्हणून हात सोडला तर लोहारानं काही न बोलता पाणी आणून दिलं, एवढंच त्यांना आठवतं. फाउंड्रीच्या आधीचं हे बाबांनासुद्धा माहीत नव्हतं. बाबा टीव्हीकडं बघायचं सोडून त्यांच्याकडंच बघत होते. भाचाही दारात येऊन उभा होता.
चित्रपट त्या दिवशी पुढं झालाच नाही, साडेपाचला चहा झाला आणि बोलणंच चालू राहिलं. राहिलेला अर्धा आज सकाळी बघितला, ते आणि मी दोघंच. शेवटपर्यंत बसले.
एलिझाबेथ एकादशी आज दुपारी. तेव्हा भाचा त्यांच्या शेजारी होता, मशीन बँकेनं नेलं ते तोच कानात सांगत होता. मध्ये आजोबांना डुलकी लागली. सायकल आली की तो त्यांना उठवत होता.
कलादालनाला उद्या सकाळी नेणार आहोत, जायच्या आधी.

प्राजक्त (९:५०)
यंत्र टोचतं म्हणालात, तर कानातला साचा परत घ्यावा लागतो. कान बदलतात वयानं. ज्यांच्याकडून घेतलंय त्यांना दाखवा, बरेचदा घासून नीट करून देतात.

राजारामपुरीकर (९:५८)
हे माहीत नव्हतं. काकांना सांगते.

खासबाग_पहिलीरांग (१०:१५)
आणि तांबडी माती?

राजारामपुरीकर (१०:२०)
दिवाळीत. आजोबांना विचारलं. म्हणाले, खासबागेत वर, मागच्या पायरीवर बसायचे.