प्रतिसाद: पासवर्डची खिडकी येत नाही ती का

धंतोलीच्या अभ्यासिकेतल्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) संगणकांवर टर्मिनलमध्ये सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने काम चालवणारी आज्ञा) चालतं, पण सिनॅप्टिकवर (पॅकेजं टाकण्याचं खिडकीवालं अ‍ॅप) क्लिक केलं की काहीच होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. कृपया लगेच सगळं पुन्हा इन्स्टॉल करू नका. सुडो टर्मिनलातच पासवर्ड विचारतो. सिनॅप्टिकसाठी पासवर्डची खिडकी दाखवतो तो पोलकिटचा एजंट; पोलकिट म्हणजे कोणाला अ‍ॅडमिनचं काम करू द्यायचं ते ठरवणारी सेवा, आणि एजंट म्हणजे तिच्या वतीने पासवर्ड विचारणारा छोटा प्रोग्रॅम. ग्नोम, केडीई या पूर्ण डेस्कटॉपांत तो आपोआप सुरू होतो, नुसत्या ओपनबॉक्समध्ये (फक्त खिडक्या सांभाळणारा हलका प्रोग्रॅम) बहुतेकदा नाही. तुमच्याकडे ओपनबॉक्स असेल तर एलएक्सपोलकिट (lxpolkit) हे असा एजंट देणारं पॅकेज टाका, ओपनबॉक्सच्या ऑटोस्टार्ट फाइलमध्ये त्याच्या नावाची ओळ शेवटी अँड चिन्ह (&) लावून लिहा, मग लॉगआउट-लॉगइन.

खिडकी आली की तिच्यावरचं नाव वाचा. तिथे रूट (लिनक्सचं मुख्य अ‍ॅडमिन खातं) दिसलं तर तुमचा युजर पोलकिटच्या लेखी अ‍ॅडमिन नाही. डेबियनवर तो सुडो नावाच्या गटात हवा, फेडोरावर (दुसरं एक लिनक्स) व्हील गटात. यूजरमॉड या आज्ञेने गट जोडताना छोटा ए आणि मोठा जी (-aG) दोन्ही द्या. ए विसरलात तर बाकीचे जोडलेले गट उडतात.

‘चुकीचा पासवर्ड’ येणाऱ्या मशीनवर आधी कीबोर्ड बघा. इनस्क्रिप्ट मराठी (देवनागरी कीबोर्ड) चालू राहिलं तर पासवर्डच्या जागी ठिपके तेच दिसतात, अक्षरं मात्र देवनागरी जातात.

डेबियन 12 पासून जुन्या पीकेएलए (.pkla) फाइलींतले पोलकिटचे नियम वेगळ्या पॅकेजशिवाय वाचले जात नाहीत, हेही तपासा.