इझोल्डे आलीच नाही? पोनेलच्या ‘ट्रिस्टान’चा शेवट

उत्तररात्र:
काल इथे एकाने लिहिलं, वाग्नरच्या ‘ट्रिस्टान आणि इझोल्डे’ या ऑपेराच्या, बायरॉइट महोत्सवातल्या १९८३ च्या चित्रीकरणात दिग्दर्शक पोनेलने शेवट बदलून प्रेक्षकांना फसवलं. इझोल्डे प्रत्यक्षात येत नाही, तिच्या मरणाऱ्या प्रियकराला, ट्रिस्टानला नुसती दिसते, आणि तो सेवक कुर्वेनालजवळ प्राण सोडतो, ही म्हणे मनमानी. डोकंच फिरलं वाचून. तिसरा अंक ऐका हो! ट्रिस्टान ‘जहाज, जहाज’ म्हणून ओरडतो, आणि मेंढपाळाची तीच उदास धून ऐकू येते. म्हणजे जहाज नाहीच. भास वाग्नरनेच लिहिलाय, पोनेलने तो शेवटपर्यंत नेला.

पहिला अंक:
तो मीच, आणि शब्द मागे घेणार नाही. पुढे जहाज खरंच दिसल्यावर मेंढपाळ आनंदाची धून वाजवतो, ते सोयीस्कर विसरलात? आणि इझोल्डेचा नवरा, राजा मार्के? दासी ब्रांगेनेने प्रेमपेयाचं गुपित सांगितल्यावर तो माफ करायला येतो. इझोल्डे भास, तर मार्केही भास, माफीसुद्धा भासच! मग लीबेस्टोड, ते ‘प्रेममृत्यू’चं इझोल्डेचं शेवटचं गाणं, गातंय कोण?

शब्दार्थी:
लीबेस्टोड म्हणू नका, विनंती आहे. वाग्नरने ते नाव पूर्वरंगाला, म्हणजे सुरुवातीच्या वाद्यसंगीताला दिलं होतं, शेवटाला नाही. १८६७ मध्ये संगीतकार लिस्टने पियानोसाठी या शेवटाची मांडणी केली आणि त्यावर ते नाव चिकटलं. इझोल्डे ‘मी मरते’ असं कुठेच गात नाही.

पहिला अंक:
नावावरून काय फरक पडतो? सगळे तेच म्हणतात.

शब्दार्थी:
फरक पडतो! नाव ऐकून तुम्ही मरण शोधत बसता आणि शब्द निसटतात. ती गाते, तो किती हळुवार हसतोय, डोळे उघडतोय, मित्रांनो, दिसत नाही का तुम्हाला? समोर ट्रिस्टानचं प्रेत आहे. रंगसूचनेतही ती ‘जणू रूपांतरित’ होऊन त्याच्यावर कलते, एवढंच आहे.

उत्तररात्र:
हेच तर! मुळातही ती नसलेलं बघते. पोनेलने भास बघणारा बदलला.

पहिला अंक:
बदलला हे कबूल केलंत, आभार. माझी तक्रार तीच होती.

उत्तररात्र:
तक्रार करा, पण फसवणूक म्हणू नका. आईच्या शेवटच्या रात्री मी उशाशी होते. पहाटे ती दाराकडे बघून ‘ये, बस’ म्हणाली आणि मामासाठी पलंगावर सरकून जागा केली. मामा दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. तिच्यापुरता तो आला होता. ट्रिस्टानमागे उजेडात उभी इझोल्डे पाहिली, तेव्हा मला ती रिकामी जागा दिसली. पूर्वरंगापासून न सुटता अडकून राहिलेला तो अस्वस्थ स्वरमेळ शेवटी सुटतो, तो त्याच्यासाठीच सुटतो असं मला वाटतं.

पहिला अंक:
ताई, आईंचं वाचून रात्री शेवट पुन्हा लावला. ट्रिस्टानला ती दिसते, तेवढं मान्य. फसवणूक हा शब्द मागे घेतो. पण मार्केची माफी कुठे गेली, त्याचं उत्तर तुमच्यापैकी कुणीच दिलेलं नाही.